अंगावर

दिल्ली छावणी

ती. आत्याबाईंना सुनेचा नमस्कार,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "अंगावर पाजतेस ना, मग सांध्यांच्या गोळ्या बंद कर. बाईच्या जातीनं दुखणं अंगावर काढायचं असतं." मी "हो आत्याबाई" म्हणाले.

खोटं बोलले. गोळ्या चालू आहेत.

राजवीर पोटात राहण्याआधीच डॉक्टरांनी माझी सांध्यांची, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी बंद केली आणि तीन महिने थांबायला लावलं, कारण ती गर्भाला घातक असते. तिच्याऐवजी दिलेली गोळी गरोदरपणातही चालते आणि पाजतानाही. मी दोनदा विचारून घेतलंय, एकदा मराठीत, एकदा हिंदीत.

तरी तुम्ही बाळंतपणाला इथे होतात तेव्हा तुमचं ऐकलं. सव्वा महिना गोळी घेतली नाही. मग एका सकाळी बोटं मिटेनात आणि अंघोळ घालताना राजवीर हातून निसटला. शेजारच्या वल्लरीताईंनी झेलला म्हणून वाचला. तुम्ही देवळात गेला होतात. आम्ही दोघींनी तुम्हाला कळू दिलं नाही, कारण तुम्ही स्वतःला दोष दिला असतात.

म्हणून हे पत्रही टाकणार नाही. पण रविवारी तुमचा फोन आला की "हो आत्याबाई" म्हणणार नाही. एवढंच सांगेन, की दूध अंगावर पाजेन, दुखणं अंगावर काढणार नाही.

राजवीरला दोन्ही हातांनी घट्ट धरणारी,
तुमची सुकन्या