ट्रंक कॉल मीच लावून दिला होता

मद्रास
शनिवार, १५ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप विजयकुमारकाका यांस,
कनकाचा साष्टांग नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. अकरा महिने तुमची इंग्रजी पत्रं मी टाइप करते, पण हाताने लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलं नाहीत, आणि मराठीत तर नाहीच. होय, मीच. दुपारी दोन ते सहा तुमच्या केबिनबाहेर बसणारी टी. के. कनका. टी म्हणजे तंजावर आणि के म्हणजे कृष्णाजी, माझे वडील, घरातले अप्पा. आमच्या घरात कित्येक पिढ्या मराठीच बोलतात.

आम्ही सर्व खुशाल आहोत. माझी एम.ए.ची परीक्षा एप्रिलमध्ये आहे. सुनंदाकाकू दिवाळीला सांगलीला गेल्या त्या परतल्या का? पत्राच्या सुरुवातीला हे सगळं विचारायचं असतं म्हणून विचारते आहे. खरं तर लिहायचं आहे ते वेगळंच आहे.

तुमच्याकडे मी आले तेव्हा नऊ ठिकाणी नकार घेऊन आले होते. सगळ्यांना पूर्ण वेळ माणूस हवं होतं, नाहीतर मुलगाच हवा होता. घरी अप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, बी.ए. झालं ते पुष्कळ झालं, पुढे शिकायचं असेल तर फी तुझी तू भर, नाहीतर आलेल्या स्थळाला होकार दे. म्हणून विद्यापीठातला वर्ग सुटला की जॉर्ज टाउनच्या गल्ल्या पालथ्या घालायची. तुमच्या दुकानाच्या दारावर ‘पार्ट टाइम टायपिस्ट पाहिजे’ अशी पाटी दिसली आणि आत शिरले. तुम्ही इंग्रजीत विचारलंत, घरी कोणती भाषा? मी म्हटलं, तमिळ.

का म्हटलं ते सांगते. मी पंधरा वर्षांची असताना आत्याच्या मुलीच्या लग्नात पुण्याहून पाहुण्या आल्या होत्या. मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. माझ्या तंजावरी मराठीतलं एक वाक्य ऐकून त्या इतक्या हसल्या, की पलीकडच्या खोलीतल्या बायकांना बोलावून मला तेच पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून महाराष्ट्रातल्या माणसासमोर मी मराठीत तोंड उघडलेलं नाही. हे पत्र मी ज्या मराठीत लिहिते आहे ती बरीचशी तुमचीच, ऐकून ऐकून उचललेली. नागरी अक्षरं तेवढी हिंदीच्या परीक्षांमुळे येतात.

ऐकलं मात्र सगळं. ‘पोरगी कामाची आहे, पण तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं,’ असं तुम्ही काकूंच्या भावाला, रविकांतना, माझ्यादेखत सांगितलंत, तेव्हा हसू दाबायला मी मशीन जोरजोरात बडवत बसले होते. माझी परीक्षा आहे म्हणून ‘तिला चार दिवस त्रास देऊ नका रे’ म्हणालात, तेही ऐकलं. डब्यातली पुरणपोळी अर्धी तोडून माझ्या टेबलावर ठेवणारे तुम्हीच. हे सगळं नसतं तर हे पत्र लिहिणं फार सोपं गेलं असतं.

आता सोमवारचं लिहिते.

बेदाण्याची खोकी गोदामातून चोरीला गेल्याचं तुम्हाला सकाळी कळलं. साडेतीनला तुम्ही मला सांगलीचा ट्रंक कॉल बुक करायला सांगितलंत. तो मीच लावून दिला. लाइन खराब होती, तुम्हाला ओरडून बोलावं लागत होतं आणि केबिनचं दार उघडं होतं. ते लावायची तुम्हाला गरज वाटली नाही. बाहेर हमाल, कारकून मुरुगेसन आणि मी, सगळी तमिळ माणसं.

तुम्ही म्हणालात, “सुनंदा, तुझ्या भावानंच नेलीत खोकी. बंगळूरला विकून मोकळा झालाय. रडू नकोस. रविकांतचं नाव येऊ देणार नाही मी. गोदामाची किल्ली मुरुगेसनकडे असते. त्याचं नाव देतो, बोंबलून बोंबलून किती बोंबलेल?”

मुरुगेसन तेव्हा माझ्यासमोर उभा राहून पाकिटांवर तिकिटं चिकटवत होता. एकोणीस वर्षं तुमच्याकडे राबलेला माणूस. स्वतःचं नाव ऐकून त्याने वर पाहिलं आणि मला विचारलं, “मुदलाळी कूप्पिडरारा, अम्मा?” मालक बोलावताहेत का? मी मान हलवून नाही म्हटलं.

मंगळवारी इन्स्पेक्टर आला. त्याने मला विचारलं, काही पाहिलंस, काही ऐकलंस? मी म्हटलं, “एनक्कु तेरियादु, सार.” मला माहीत नाही. काका, हे खोटं तुमच्यासाठी नव्हतं, तसं समजू नका. मला दिसत होती ती फक्त माझी फी, माझी परीक्षा आणि अप्पांनी काढून ठेवलेलं ते स्थळ. संध्याकाळी तुम्ही मला मुरुगेसनचं काम दिलंत, पगार वाढवतो म्हणालात, आणि मी “थँक यू, सर” म्हणाले. माझी मला किळस येते.

काल मुरुगेसनची बायको विद्यापीठाच्या फाटकात माझी वाट पाहत उभी होती. त्याला रोज सकाळी ठाण्यात बोलावतात, संध्याकाळी सोडतात. परवा तो परतला तेव्हा त्याचा एक कान सुजला होता. सोमवारी त्याला कोर्टात उभं करणार आहेत. ती म्हणाली, “तो सांगतो, त्या शिकणाऱ्या पोरीकडे जा. ती खोटं बोलायची नाही.”

तिच्यासमोर मला रडू फुटलं. आणि मी तिला शब्द दिला, की सोमवारी सकाळी नऊला मी ठाण्यात येईन आणि जे मराठीत ऐकलं ते इन्स्पेक्टरला तमिळमध्ये सांगेन. पहिल्या दिवशी खोटं बोलले, हेही सांगेन. माझं काय करायचं ते करोत.

मधे उद्याचा एक दिवस आहे. तक्रार तुमची आहे, तुम्हीच जाऊन ती मागे घेतलीत तर मला काही सांगावं लागणार नाही. रविकांतचं काय करायचं ते तुम्ही आणि काकू ठरवा. मुरुगेसनला मात्र तुम्ही स्वतः त्याच्या घरून परत कामावर घेऊन या. माझ्या नोकरीचा विचार करू नका. ती गेली हे मी धरूनच चालले आहे. एम.ए.चं काय होईल ते होवो. भीती वाटते, फार वाटते, पण त्याचा तो सुजलेला कान मनातून जात नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. आज दोन वाजता तुमच्या हातात देईन आणि तुमचं वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहीन. त्यानंतर तुम्हाला मला जे काही बोलायचं असेल ते मराठीतच बोला. मी मराठीतच उत्तर देईन.

तुमची,
कनका