त्याला सात, आम्हाला पाच

कंदावू बेट,
रविवार, १४ जुलै

प्रिय एमोसी,

तुझ्या ताईचे तुला भरभरून आशीर्वाद. आम्ही सगळे धडधाकट आहोत, आणि तूही तिकडे सुवाला वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोन का केला नाही म्हणून आठ्या घालू नकोस. फोन लागतो तो फक्त देवळामागच्या टेकडीवर, आणि तिथे उभं राहून बोललं की खाली अख्ख्या गावाला ऐकू जातं. बाबांना सगळ्यात आधी. म्हणून हे पत्र शुक्रवारच्या बोटीने, दालोच्या कंदांच्या पोत्यात खुपसून पाठवतेय. आधी पत्र काढ, मग कंद उकड.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर कण्हते आणि ओहोटी लागली की मासे धरायला सगळ्यांच्या पुढे पळते. वाइसेयामामाच्या डुकरिणीला पिल्लं झाली. मामा त्यांना रग्बीवाल्यांची नावं ठेवतोय, त्यामुळे कापायची वेळ आली की गावात रडारड होणार आहे. बाबांनी ऑगस्टच्या गायनस्पर्धेसाठी नवं गाणं बांधलंय. चार आवाजांचं, आणि खरंच फार गोड. ऑगस्टला तू येणार का, हे विचारायचं नाही असं मी ठरवलंय. म्हणून विचारत नाही.

देवळाच्या आवारातल्या सभागृहातला संगणक छान चालतोय. म्हणजे चालतो. म्हणजे आता चालतो. बरं बाबा, सांगते.

तू गेलास त्याला दोन वर्षं होतील. गाणाऱ्यांच्या फोल्डरला तू कडी घातलीस, ऐकायचं सगळ्यांनी, पण बदलायचं फक्त तू, आणि बाबा भर तालमीत ओरडले, "माझ्याच गाण्याला हात लावायला मी पोराची परवानगी मागू?" तू पुढची बोट धरलीस. त्याच आठवड्यात त्यांनी मला बसवून सगळं उघडायला लावलं. मालकाला सात, गटाला सात, बाकी सगळ्या जगाला सात. सात म्हणजे सगळी मोकळीक: वाचा, लिहा, आत शिरा, कुणाला आडकाठी नाही. आपल्याकडे कुणी 'केरेकेरे' म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं, मग यंत्राने तरी का म्हणावं, असं त्यांचं म्हणणं. मीही म्हटलं, जाऊ दे, घरात शांतता राहील.

शांतता कसली! तिथे लग्नाचे फोटो आले, कुणाच्या तरी जावयाचे व्हिडिओ आले, बोटीचं वेळापत्रक तर सात ठिकाणी, आणि सातही वेगळी. बाबांचं नवं गाणं मी चार फायलींत ध्वनिमुद्रित केलं, एकेका आवाजाची एक. तेवढ्या चार फायली मात्र शहाणपणा करून नुसत्या वाचण्यापुरत्या ठेवल्या. लिहायची परवानगी मलासुद्धा नाही. म्हटलं, आता कोण काय करतंय.

तू हसतोयस ना? हस. तुझ्या लक्षात आलंच असणार.

गेल्या मंगळवारी तालमीला सगळे जमले. बाबांनी खर्जवाल्यांना पुढे बसवलं, मी फाईल उघडायला गेले, तर खर्जाची फाईलच नाही. तिच्या जागी रग्बीचा सामना. अख्खा, दोन्ही सत्रांचा.

"हे कुणी केलं?" बाबा.

वाइसेयामामाने हात वर केला, निवांत. "मी. जागा नव्हती."

"अहो मामा, त्या फाईलला हात लावता येत नव्हता!" मी किंचाळलेच.

"येत होता की. यंत्राने विचारलं, ही जपून ठेवलेली आहे, तरी काढू का? मी म्हटलं, काढ."

"पण काढ कशाला म्हणालात?"

"अगं, एवढं अदबीने कुणी विचारलं तर नाही कसं म्हणायचं?"

गाणारे इतके हसले की वरच्या आवाजातल्या दोघी बाकावरून घसरल्या. बाबा सोडून सगळे. बाबांनी टोपी उचलली आणि घरी गेले. एमोसी, मला रडूच फुटलं. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रागावले की बरं असतं, गप्प झाले की भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला कसाव्याचा उकडलेला कंद चघळत म्हणाले, "फाईलला कडी होती ना? मग गेली कशी?"

मी सांगितलं. फाईलवरची परवानगी फक्त तिच्या आतलं बदलण्यापुरती. ती ठेवायची की फेकायची, हे फोल्डर ठरवतं. फोल्डरमध्ये लिहायची मोकळीक ज्याला आहे, तो आतली कुठलीही फाईल उचलून बाहेर टाकू शकतो. पेटीला कुलूप लावलं, पण घर उघडं, तर पेटीच उचलून नेली.

बाबांनी तोंडातला घास गिळला. मग विचारलं, "त्याने कडी कशाला घातली होती? पेटीला की घराला?"

"घराला, बाबा."

"हं," म्हणाले, आणि चहा मागितला.

खर्ज त्यांनी पुन्हा गाऊन दिला. दोन ठिकाणी विसरले, तिथे आईने माशांचे खवले काढता काढता सूर लावून दिला, आणि "चाळीस वर्षं यांची गाणी ऐकतेय, एवढंही येणार नाही?" असं वर ऐकवलं. ती फाईल आता पेनड्राइव्हवर आहे. पेनड्राइव्ह बाबांच्या खिशात. मागितला तर देत नाहीत. आपल्या बाबांनी कुणाला नाही म्हटल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता ऐक, काय काय केलं ते. गावाचं सामाईक फोल्डर तसंच उघडं ठेवलं, पण त्याला ती एक जादा खूण लावली, ओळीच्या शेवटी 'टी' दिसतो ती. कुणीही यावं, काहीही ठेवावं, पण काढावं फक्त स्वतःचं. बाबांना हे इतकं पटलं की आज सकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी उठून सगळ्या कुळांना समजावून सांगितलं, "दार कुणालाच बंद नाही. फक्त दुसऱ्याचं फेकायचं नाही. यात अपमान कसला?" आणि हे असं सांगत होते, जणू कालच त्यांना स्वतःला सुचलंय! मामालाही स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिला. त्याने पासवर्ड सगळ्यांना मोठ्याने सांगितला, कुणाला लागला तर असावा म्हणून. उद्या बदलते.

इथवर मी लिहीत आले, कारण पुढचं कसं लिहावं कळत नाहीये. पण लिहिते.

काल दुपारी बाबा सभागृहात आले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "स्पर्धेच्या गाण्याचं वेगळं फोल्डर कर." केलं. "मालक कोण लिहितेस?"

"तुमचं नाव घालू?"

"त्याचं घाल."

मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते भिंतीवरच्या पालीकडे बघत होते. मी तुझं नाव घातलं. मग म्हणाले, "आकडे सांग." मी पुन्हा सांगितलं, वाचायला चार, लिहायला दोन, आत शिरायला एक. त्यांनी बोटांवर बेरीज केली.

"त्याला सात दे. आम्हाला पाच पुरेत."

"तुम्हालाही पाचच? बाबा, मग तुम्हाला तुमचंच गाणं आत ठेवता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग खर्जाची फाईल कोण ठेवणार?"

"मालक ठेवेल." असं म्हणून त्यांनी खिशावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "तुला ठेवता येईल का गं? तुझ्याकडे ती सगळी दारं उघडणारी मोठी चावी आहे ना?"

आहे. एका ओळीचं काम आहे, तुला माहीत आहे आणि मलाही.

मी म्हटलं, "नाही बाबा, तुम्ही मालक त्याला केलंत, आता मलासुद्धा जमायचं नाही."

देवळाच्या आवारात बसून धडधडीत खोटं बोलले. आणि ऐकून ते जे हसले ना, दोन वर्षांत असे हसले नव्हते. म्हणाले, "मग त्याला यावंच लागेल."

सगळं गाव खर्जाशिवाय, तीनच आवाजांत तालीम करतंय. बोट गुरुवारी संध्याकाळी सुवाहून सुटते.

तुझी ताई वासेमादा,
आणि पाठीमागे उभे राहून हे सगळं वाचत असलेले, "मी असलं काही म्हणालो नव्हतो" असं पुटपुटणारे, पण यातली एकही ओळ खोडू न देणारे आपले बाबा.