सुपातली सरकी

याडी, आई गं, तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही कोणी फार शिकवलं नाही, तेव्हा माझ्या अक्षराला तू काही नावं ठेवणार नाहीस. तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि काम पडलं तेव्हा आठवलीस. राग मानू नको, मी अशीच आहे.

धाकटी पोरगी बाळंतपणाला माझ्याकडं आली आहे, लोहाऱ्याला. मुलगी झाली. नाकीडोळी चांगली, पण झोपेचं नाव नाही. पोरीनं घरात असा बंदोबस्त लावला की विचारू नको. कुकरची शिटी नको, मिक्सर नको, दाराची कडी हळू लाव. तुझा जावई स्वतःच्या घरात चोरासारखा चालायचा. एवढं करून चमचा पडला की लेकरू दचकून उठलंच. मी म्हटलं, "घर आहे का मसण?" तर म्हणे, "आई, तू बोलूच नको, तुहा आवाज लई मोठा हाय." मग तिनं फोनवर पावसाचा आवाज लावला. लेकराचा डोळा लागतो न लागतो तोच तिच्या सासूचा फोन आला आणि पाऊस बंद.

एका दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नाहीत, ताटातली भाकर तशीच. लेकराकडं न पाहता म्हणाली, "आई, मले हे लेकरू नको वाटून राह्यलं." पोरगी हातची जाते का काय, असं वाटलं.

तेव्हा तू आठवलीस, कापसाच्या जिनातली. तू रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकते आहेस आणि मी भिंतीमागं भावाची झोळी हलवते आहे. कामावरच्या सगळ्या बायकांच्या झोळ्या तिथंच. यंत्रांची घरघर आवारभर भरलेली, माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, आणि लेकरं निवांत झोपलेली. लाइन जाते. रेचे थांबतात. आणि सगळ्या झोळ्या एकदम रडायला लागतात. मी तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप करत होते. तू रुईनं पांढरी होऊन बाहेर आलीस आणि आपल्या बोलीत माझ्यावरच खेकसलीस, "चूप कायले करतेस? चूप झालं म्हणून तर उठले." सूप घेतलंस, त्यात ओंजळभर सरकी टाकलीस आणि झोळीपाशी बसून एका लयीत हलवत राहिलीस. सर्र, सर्र. भाऊ झोपला, शेजारच्या झोळ्याही शांत झाल्या. मुकादम म्हणाला, "बाई, साफ सरकी काय पाखडून राह्यली?" तू मान वर न करता म्हणालीस, "लेकरं निजवून राह्यली. तुमाले निजायचं असन तर बसा."

आता घरात सरकी कुठली. मी सुपात तूर घेतली. पोरगी मला वेड लागल्यासारखी पाहत राहिली. लेकराच्या मुठी सैल पडल्या, मग मान कलली. पण माझे खांदे तुझ्यासारखे नाहीत, लवकर भरून आले. तुझ्या जावयाला म्हटलं, कूलर काढा, नुसती घरघर पाहिजे. थंडीचे दिवस. पाणी घातलं नाही, तोंड खिडकीबाहेर केलं, लेकरापासून लांब, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगितलं, आवाज हळू ठेवा, लांब ठेवा, गाढ झोपलं की बंद करा. तसंच करते. शेजारीण डोकावली, "काहो, हिवाळ्यात गरमी होऊन राह्यली का तुमाले?" म्हटलं, "हो, तुमच्या चौकशीची."

लेकराच्या आधी पोरगीच झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. उठल्यावर पोटभर जेवली. चार दिवस असे गेले, आणि आज लेकराला मांडीवर घेऊन त्याचे कान चाचपत मला विचारत होती, "हे कोणावर गेले गं?" तुझ्यावरच, याडी. मी चुलीकडं तोंड फिरवलं.

मग म्हणाली, "आई, हे आवाजाचं तुले कोणं शिकवलं?" मी म्हटलं, "कोणं शिकवन? मलेच सुचलं." तुझं नाव घेतलं असतं तर मला रडू आलं असतं, आणि पोरीसमोर मला ते जमत नाही. तुझ्यापर्यंत हा कागद पोचायचा नाही, तिला दाखवायचा मला धीर होत नाही. तेव्हा सध्या तुझी शाबासकी मीच घेऊन बसले आहे, आणि खरं सांगते याडी, गोड लागते.