पोपटरावांच्या माळावरचं गवत

दौंड,
१८ ऑगस्ट २०२५

आदरणीय ललिताआत्या,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझं म्हणणं मान्य आहे. तुमच्या घरात फोन म्हणजे ज्ञानदेवमामांचा स्पीकर, आणि मामांचा स्पीकर म्हणजे अख्खी गल्ली. तेव्हा पत्रच बरं. शाळेआधी तूच मला स्वयंपाकघरात पाटीवर अक्षरं शिकवलीस, त्याची फेड म्हणून तरी लिहीन म्हणते. चुका लाल पेनाने गोल करून परत पाठवू नकोस, एवढीच विनंती.

मी दौंडला नक्की काय करते असं विचारलंस. आत्या, मी जमीन करते. स्क्रीनवरची. टेकडीचा आकार दुसरं कुणी देतं, तिच्यावर मुरूम, माती, खडक, गवत पसरायचं काम माझं. प्रत्येकाचा एक चौकोनी फोटो असतो, तो फरशीसारखा शेजारी शेजारी बसवत न्यायचा. मग एक काळंपांढरं चित्र रंगवायचं. पांढरं तिथं गवत, काळं तिथं खडक आणि करडं तिथं दोन्हीची सरमिसळ. सगळी कला त्या करड्यात आहे. खऱ्या माळावर गवत आधी खडकाच्या फटीत शिरतं, कारण माती तिथं साठते. मग ते कडेकडेने सरकतं आणि दगडाच्या डोक्यावर सगळ्यांत शेवटी चढतं, तेही चढलं तर. इथं गवत संपलं, इथं खडक लागला, अशी रेघ दिसली की काम वाया. एकच पिवळा डाग ठरावीक अंतराने पुन्हा दिसला, तरी वाया.

सध्या एका प्लॉटिंगवाल्यांची फिल्म चालू आहे. नाव सांगता येणार नाही, तसा करार आहे. त्यांनी पाठवलेल्या फोटोंत नुसता खडक आहे, आणि खडक नाही तिथं मुरूम. मी तसंच केलं, कडेला चार कुसळं उगवली. निरोप आला, गवत थोडं वाढवा. वाढवलं. पुन्हा निरोप आला, अजून. काल कळवलं आहे की खडक नकोच, तो नकारात्मक वाटतो. मी आमचं ऑफिस चालवणाऱ्या सम्राटदादांना विचारलं, हे बरोबर आहे का. ते म्हणाले, आपण चित्र देतो, सातबारा देत नाही. माझ्या आग्रहाखातर त्यांनी फिल्मच्या शेवटी 'काल्पनिक चित्र' असं टाकलं. अक्षर मुंगीला चष्मा लागेल एवढं आहे.

मला झोप नीट लागत नाही, पण ती कधी लागायची? मामांना जयभीम सांग. माया आहेच, रागे भरून ती ताजी ठेव.

तुझी,
गौतमी

शिरूर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. गौतमीस,

मंगल आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. चुका दोनच निघाल्या, त्या मनातच गोल केल्या. शेजारच्या म्हाळसाबाईंना मी अभिमानाने सांगितलं की आमची गौतमी जमीन करते. त्यांनी विचारलं, किती एकर.

आता आमच्या जमिनीची बातमी ऐक. तुझ्या मामांनी प्लॉट शोधला आहे. एसटी डेपोत आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, आता स्वतःला कुठंतरी पोचायचं आहे म्हणतात. शिरूरच्या बाहेर, घोड नदीच्या अलीकडे 'हिरवाई हिल्स' म्हणून निघालंय. मालक पोपटराव, बागाईतदार, सगळ्या निवडणुकांत पुढे. त्यांची फिल्म व्हॉट्सॲपवर आली. मामांनी ती टीव्हीला जोडून सगळ्या पाहुण्यांना दाखवली. आता पाहुणे यायचे कमी झालेत. काय ते गवत, गौतमी! आख्खा उतार मखमलीसारखा. वर एक बाक आणि पांढरी साडी नेसून कुत्रं फिरवणारी बाई. शिरूरला अशी बाई मी अजून पाहिलेली नाही, पण प्लॉट विकले की येत असेल. मामा तिथं चिक्कू लावणार आहेत.

मी एवढी हुरळले ते गवतासाठी नाही, हे तुला कळेल. दवाखान्यातल्या नोकरीसाठी या गावात आले, तेव्हा आम्ही किती खोल्या बघितल्या ते तुझ्या बापाला विचार. खोली पसंत पडायची, चहा व्हायचा, मग आडनाव विचारायचे, आणि खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. पुढे जागा घ्यायला निघालो तर तेच. आमच्या आधी काल येऊन गेलेला तो माणूस कोण, ते मला अजून कळलेलं नाही. पोपटरावांनी आडनाव विचारलंच नाही. किती प्लॉट घेता, एवढंच विचारलं. आम्ही, मामांचे दोघे भाऊ आणि आमच्या रश्मीच्या सासरचे, अशी चार घरं शेजारी शेजारी घेतोय. विजयादशमीला बयाणा द्यायचा.

तुला कॉम्प्युटरचं कळतं, म्हणून रश्मी फिल्म पाठवेल. बघ आणि डोळे निवव. जेवत जा, आणि आमच्यावर जीव ठेवून अस.

तुझी,
ललिताआत्या

दौंड,
१५ सप्टेंबर २०२५

आदरणीय आत्या,

सविनय जयभीम. वि. वि.

फिल्म बघायची गरज पडली नाही, मला ती पाठ आहे. ते गवत माझं आहे.

पांढऱ्या साडीतली बाईसुद्धा आमच्याच ऑफिसची. ती प्रत्येक फिल्ममध्ये फिरते, गेल्या महिन्यात बारामतीकडे होती. कुत्रं मात्र नवीन आहे.

करारात कुणालाही सांगू नये असं लिहिलंय. 'आत्या सोडून' असं कुठं आहे का, म्हणून दोनदा वाचला. नाही. तरी सांगते आहे, आणि सांगणार हे सम्राटदादांना आधी सांगून सांगते आहे. ते हसले. म्हणाले, गिऱ्हाईक फिल्म बघून प्लॉट घेतं, तुझी आत्या तर तुलाच बघून घेईल, घेऊ दे. त्यांच्या दृष्टीने ही जाहिरात झाली. माळाचे मूळ फोटो तुला पाठवावेत असं फार वाटलं, पण ते ऑफिसचे आहेत, माझे नाहीत. माझं काय आहे, तर मी काय पाहिलं ते. मी पाहिला तो खडक आहे. त्यात चिक्कू लावायला आधी सुरुंग लावावा लागेल.

तुमची चार घरं शेजारी राहणार हे वाचून मला आनंद झाला. हे सगळं माझ्यामुळे मोडलं तर मामा माझ्याशी बोलणार नाहीत. तरीही बयाणा देण्याआधी जागेवर जा आणि पायाखाली बघा. रागावलात तरी चालेल, फक्त पत्र थांबवू नकोस.

तुझी,
गौतमी

शिरूर,
२२ सप्टेंबर २०२५

चि. गौतमीस,

मंगल आशीर्वाद. वि. वि.

काल रविवारी आम्ही सगळे जागेवर जाऊन आलो. तुझ्या शब्दाखातर मी पायाखाली बघितलं. पायाखाली गवत होतं.

हिरवंगार, मऊ, कुठं बोचत नव्हतं. मामांनी चपला काढून त्यावर येरझाऱ्या घातल्या आणि दर खेपेला माझ्याकडे बघितलं. मांडव होता, पोहे होते, चहा दोनदा. पोपटराव स्वतः उभे. रश्मी पुढे चढाकडे निघाली तर त्यांनी मायेने थांबवलं, की ताई, तिकडं चिखल हाय, चपला खराब व्हतील. चपलांची एवढी काळजी मामांनी कधी केलेली नाही.

मामा तुझ्यावर चिडलेत. म्हणाले, दिवसभर खोटं करून पोरीला खरंही खोटं दिसायला लागलंय. डोळ्याच्या डॉक्टरकडे ने म्हणाले, खर्च मी करतो. मी तुझी बाजू घेतली, पण बाजू घ्यायला काही शिल्लक नव्हतं. खरं सांगू, मलाही राग आला. कधी नव्हे ते कुणी आम्हाला बसा म्हणालं, तर आपल्याच पोरीने सतरंजी ओढावी?

रश्मीने काढलेला फोटो मोठा करून सोबत पाठवते आहे. त्यात आम्ही सगळे आहोत आणि गवतही आहे. भिंतीला लाव.

राग असला तरी जीव आहे तिथंच आहे.

तुझी,
ललिताआत्या

दौंड,
२५ सप्टेंबर २०२५

आदरणीय आत्या,

सविनय जयभीम. वि. वि.

फोटो भिंतीला लावला. मग काढला आणि भिंग घेऊन बसले. मामांना सांग, डोळे अजून चालतात.

रश्मीच्या मागे, मांडवाच्या डाव्या खांबाजवळ बघ. गवत संपतं आणि खडक लागतो, तिथली कड पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ आहे. फटीत एक काडी नाही. शिवाय एक लांबट पिवळा पट्टा दिसतो, आणि थोडं पुढे पुन्हा तसाच, मग पुन्हा. उगवलेलं गवत असं नसतं, आत्या. हे गुंडाळ्या उलगडून अंथरलेलं आहे, लग्नाच्या लॉनवर आणून टाकतात तसं. ते पट्टे म्हणजे दोन गुंडाळ्यांची शिवण. मी अशी कड दिली असती, तर सम्राटदादांनी मला त्याच दिवशी शिरूरच्या गाडीत बसवलं असतं. पोपटरावांनी माझ्या चित्राची नक्कल केली आहे, आणि तीही वाईट. माझं खोटं गवत त्यांच्या खऱ्या गवतापेक्षा खरं होतं, यावर हसावं की राजीनामा द्यावा ते कळत नाही.

राजीनामा अजून दिलेला नाही. हिरवाईच्या दुसऱ्या टप्प्यात मी गवत घालणार नाही, एवढं सांगितलं. ते काम लगेच दुसऱ्या मुलीला गेलं. तिचं गवत माझ्याहून दाट असतं म्हणे. माझं काय करायचं ते सम्राटदादा दिवाळीनंतर बघणार आहेत.

सतरंजी ओढल्याचं तू लिहिलंस, ते खूप लागलं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, हे मीही पुन्हा पुन्हा वाचलं. पण आत्या, ज्याला खडक खपवायचा असतो तो कुणाचंच आडनाव विचारत नाही. तो मोठ्या मनाचा म्हणून नव्हे, घाईत असतो म्हणून. मी चुकत असेन तर दसऱ्याला येऊन मामांच्या पाया पडेन. मी चुकत असेन असंच मला वाटू दे.

न कळवता जा. त्या कडेला हात घाल आणि चटई उचलतात तशी उचलून बघ. एवढं ऐकलंस तर पुढची दहा पत्रं मी बिनचूक लिहीन.

तुझी,
गौतमी

शिरूर,
४ ऑक्टोबर २०२५

चि. गौतमीस,

मंगल आशीर्वाद. वि. वि.

रश्मीच्या स्कूटरवर बसून गेले. मांडव गेला होता. गवत होतं, जरा सुकलेलं. कडेला हात घातला आणि उचललं. वाटलं होतं जोर लागेल. पापडासारखं आलं वर, मुळं अजून जाळीतच. खाली दोन बोटं लाल माती, तिच्याखाली खडक. मी एक गुंडाळी केली आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी आणली. पोपटरावांचे पोहे आम्ही खाल्ले होते, त्यात हेही जमा.

अंगणात मामांसमोर उलगडली. त्यांनी पाय ठेवला, काढला, आणि चहा आहे का विचारलं. चहा घेऊन झाल्यावर जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. पोपटरावांना फोन लावला, अर्थातच स्पीकरवर. भांडले नाहीत. म्हणाले, खडक आहे हे कळलं, आमची तक्रार नाही. घराला पाया खडकाचाच चांगला, चिक्कू आम्ही कुंडीत लावू. खडक म्हणून विका, खडकाचा भाव लावा, कागदावर खडक लिहा, चारही प्लॉट आजच घेतो.

मला तेव्हा मामा फार आवडले. तू हे त्यांना सांगणार नाहीस.

पोपटरावांनी अगदी गोड आवाजात विचारलं, तुमचं आडनाव काय म्हणालात? मामांनी सांगितलं. गावासकट, वस्तीसकट, स्वच्छ सांगितलं, डेपोत गाडी पुकारायचे तसं. पोपटराव म्हणाले, भागीदारांना विचारायला लागंल, त्यातले दोन प्लॉट बहुतेक कालच गेलेत.

गल्लीनेही ऐकलं. म्हाळसाबाई आत गेल्या आणि लिंबाचं सरबत करून घेऊन आल्या.

विजयादशमीला चारही घरं आमच्याकडे जेवायला होती. बयाणा नाही, पण भूक होती. तुझी जागा रिकामी ठेवली होती. फोनवर रजा नाही म्हणालीस, मला कळलं की तोंड दाखवायची भीती वाटली. वेडी आहेस. मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं की गवताच्या बाबतीत घरात पारख एकट्या गौतमीलाच आहे. तुझ्या सम्राटदादांनी दिवाळीनंतर काहीही ठरवू दे, तू आधी इकडे ये. काम गेलं तर जाईल, दुसरं शोधू. शोधायची आपल्याला सवय आहे.

मामांचे धाकटे भाऊ आता वरवंडच्या बाजूला एक जागा सांगतात. पुढच्या रविवारी, बारा तारखेला, बघायला निघतोय. या वेळी मामांनी फिल्म बघायला नकार दिलाय, आणि बोलणं माझ्यावर सोपवलंय. माझं ठरलंय. दारात उभी राहून आधी आडनाव सांगायचं. त्यावरही जो बसा म्हणेल, त्याचा चहा घ्यायचा. मग तो खडक दाखवो नाहीतर गवत.

गाडीत तुझ्यापुरती जागा आहे. आदल्या शनिवारी मुक्कामाला ये, आणि येताना भिंग आण.

तुझी,
ललिताआत्या