टेंपेचा शेवटचा तुकडा

विडुरी,

सेकारला केमोसाठी सेमारंगला इस्पितळात नेते आहे. संध्याकाळपर्यंत येऊ. भात आणि चिंच घातलेली आंबट भाजी झाकून ठेवली आहे. सकाळी तू उपाशीच शाळेत गेलीस, तेव्हा आधी जेव.

दाराआड रडत होतीस, ते मी पाहिलं. धाकट्या बहिणीच्या ताटातला सोयाबीनच्या टेंपेचा शेवटचा तळलेला तुकडा उचलून तू म्हणालीस, "रक्ताचा कॅन्सर झाला म्हणून काय सगळं तुलाच?" बाबा तुला रागावले, पण मी चुलीपाशी तोंड दाबून हसत होते. ती आजारी पडल्यापासून तू पहिल्यांदाच तिच्याशी भांडलीस. इतके दिवस मागेल ते देत होतीस, खिडकीजवळची जागासुद्धा, आणि ती बिचारी गुपचूप घेत होती.

आत्ता अंगणात गाडीची वाट बघत ती शेजारच्या काकूंना ऐटीत सांगते आहे, "ताईनं माझा टेंपे पळवला. मी बरी होतेय ना, म्हणून." काल डॉक्टरांनी रिपोर्ट चांगला आल्याचं सांगितलं, तेव्हासुद्धा ती एवढी खुलली नव्हती.

उपचार अजून बरेच दिवस चालायचे आहेत. पण आम्ही आलो की तिची माफी तेवढी मागू नकोस. तिला वाटेल, आपली तब्येत पुन्हा बिघडली.

आई