पावणेतीन हात घोडी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. भीमथडी घोड्यांची जात टिकवणाऱ्या मंडळाने मला सहचिटणीस केलं. एकमताने. सभेला पाच जण होते, त्यातला एक चहा घेऊन आलेला.

अध्यक्ष डॉ. तेजस्विनी. जनावरांच्या डॉक्टर, वय फार तर तीस-बत्तीस. म्हणाल्या, "आगाशेकाका, आम्हाला अक्षर चांगलं असलेला माणूस हवाच होता." हा त्यांचा विनय. खरं कारण त्यांनी ओळखलेलं दिसतं: घोडा माझ्या रक्तात आहे. आमचे खापरपणजोबा पेशव्यांच्या घोडदळात होते. वासंती म्हणते, घोडदळात नव्हते, घोडदळाच्या कचेरीत पत्रं लिहायचे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण माझ्या घराण्याचा इतिहास हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

संकल्प: जानेवारीत मंडळाचा मेळावा. त्यात मिरवणुकीच्या पुढे घोड्यावर मी.

बुधवार, ५ नोव्हेंबर
खराडीच्या पुढे रायडिंग क्लब. पहिला धडा. बरोबर आयटीतली चार मुलं. शिकवणारा चेतन म्हणाला, आधी घोड्याशी ओळख करून घ्या. घेतली. कुंपणाच्या बाहेरून, पाऊण तास. नजरेत नजर घालून. घोड्याने आधी नजर वळवली.

प्रगती समाधानकारक.

शनिवार, ८ नोव्हेंबर
दुसरा धडा. स्टुलावरून चढलो. उतरलो. मधल्या वेळात घोडा हलला नाही. चेतनच्या मते मी लगाम आवळून धरला होता. यालाच नियंत्रण म्हणतात, पण हल्लीच्या मुलांना सांगायचं कुणी?

पाठ धरली आहे. तिसरा धडा पुढच्या आठवड्यात. किंवा थंडी कमी झाल्यावर.

रविवार, १६ नोव्हेंबर
मोठा दिवस! वाघोलीच्या पुढे माळावर घोड्यांची नोंदणी. भीमथडी घोडी म्हणजे धनगरांची. लहानखुरी, काटक. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाले की सगळा संसार हिच्या पाठीवर. आज एकोणीस घोड्या आल्या. प्रत्येकीचा रंग, वय, उंची फॉर्मवर लिहायची आणि ३१ डिसेंबरच्या आत नोंदणी समितीकडे पाठवायची.

सकाळीच डॉक्टरांना फोन आला, कुठेतरी म्हैस अडली होती. जाताना म्हणाल्या, "काका, सगळं फॉर्मवर आहे. उंचीची पट्टी तुमच्याकडे आहेच." पट्टी माझ्याकडे होती. म्हणजे घरी, दारामागे.

पण गोंधळून जाईन तर मी आगाशे कसला? तीस वर्षं भूमापन खात्यात काढली. (मोजायला दुसरे जायचे. मी आकडे सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचो. पण मोजणी अंगात मुरतेच.) फॉर्मवर छापलेलं होतं: 'उंची (हँड)'. मराठी मंडळाच्या फॉर्मवर हँड! लाल पेनने खोडून 'हात' केलं. एकोणीस फॉर्म, एकोणीस दुरुस्त्या. मग कोपरापासून मधल्या बोटापर्यंत माझा स्वतःचा हात लावून मोजत गेलो. पावणेतीन, तीनला दोन बोटं कमी, पावणेतीन. पट्टीची गरज लागली नाही.

शेवटची घोडी रतन. मालकीण मथुराबाई, साठीच्या असाव्यात, आवाज माळभर ऐकू जाईल असा. रतन म्हातारी आहे आणि गाभण. मथुराबाई म्हणाल्या, "आईचं नाव कागदावर चढलं तर पोटातलं जातीचं धरत्यात म्हनं. पुढल्या साली ही आसंल का न्हाई, काय सांगावं? नीट लिवा सायेब."

नीट लिहिलं.

सोमवार, १ डिसेंबर
डॉक्टरांचा फोन. म्हणाल्या, "काका, समितीने गठ्ठा परत पाठवलाय. विचारतायत, पुण्याच्या घोड्या मांजराएवढ्या कशा?"

एक हँड म्हणजे चार इंच म्हणे. त्या हिशेबाने माझ्या सगळ्या घोड्या अकरा इंचांच्या. आता चार इंचांचा हात जगात कुणाचा असतो? चूक इंग्रजांची आहे. डॉक्टरांना तसं सांगितलं. त्यांनी गठ्ठा पुन्हा चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "काका, सगळे धनगर आता ताम्हिणीच्या वाटेला लागले असतील. एकोणीस घोड्या शोधायच्या कुठे?"

जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या.

मंगळवार, २ डिसेंबर
राजीनाम्याचा मसुदा केला. चार पानं. भाषा धारदार. वासंतीने वाचला आणि विचारलं, "घोड्या गेल्या, पण ज्याने मोजल्या तो हात तर इथेच आहे ना?"

मी डॉक्टरांकडून गठ्ठा आणला, तिने शिवणाची टेप आणली. माझा हात टेबलावर ठेवून कोपर ते बोट मोजलं: सव्वाअठरा इंच. पावणेतीन गुणिले सव्वाअठरा, भागिले चार. दुपारच्या चहापर्यंत अठरा घोड्या उंच झाल्या. डॉक्टरांनी माळावर काढलेल्या फोटोंशी ताडून पाहिलं, म्हणाल्या, बरोबर वाटतंय, फोटो जोडून पाठवते.

मीही हाच उपाय सुचवणार होतो.

एकोणिसाव्या फॉर्मवर वासंती थांबली. "हिच्यापुढे 'अं.' काय लिहिलंय?" म्हटलं, ते खात्यातलं चिन्ह आहे, तुला नाही कळायचं. फॉर्म मी माझ्याकडे ठेवला.

गुरुवार, ४ डिसेंबर
'अं.' म्हणजे अंदाजे.

रतनजवळ गेलो तेव्हा तिने कान मागे पाडले आणि दात दाखवले. मी चार पावलांवरूनच लिहिलं. मथुराबाई तेव्हा पाठमोऱ्या होत्या.

तसाच आकडा टाकून दिला तर कोण विचारणार आहे? बाकीच्या अठरा एवढ्याच आहेत. हीसुद्धा तेवढीच असणार. खात्यात याला सरासरी म्हणत.

शुक्रवार, ५ डिसेंबर
पेन घेऊन बसलो. 'नीट लिवा सायेब' आठवलं. उठलो. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घातलं. वासंतीने सकाळीच घातलं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. दोनदा रिंग जायच्या आत ठेवला. तिसऱ्यांदा सांगून टाकलं, की रतनला मी मोजलंच नाही. वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मथुराबाई मागे राहिल्यात, रतनला फार चालवत नाही म्हणून. पौडच्या पुढे, ओढ्याकाठी. पट्टी घेऊन जा."

पट्टी दारामागून काढून आत्ताच चपलांशेजारी ठेवली.

रविवार, ७ डिसेंबर
बसने पौड, पुढे रिक्षा, मग पायी. मथुराबाईंनी लांबूनच ओळखलं. "आवं, कागदवालं सायेब! झालं का न्हाई आमचं काम?"

येताना वाक्य तयार केलं होतं, 'तांत्रिक अडचण' वगैरे. तोंडातून आलं, "नाही झालं. मी त्या दिवशी तिला मोजलं नव्हतं."

"का वो?"

"भ्यालो."

बाई हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "मंग सांगायचं की. मी धरली आसती." त्यांनी रतनचं तोंड धरलं, कानामागे खाजवलं. मी पट्टी उभी केली. रतन डोळे मिटून उभी. इतकी शांत, की पोटात काहीतरी हललेलं मला स्पष्ट दिसलं. साडेबारा हँड. परत मोजलं. साडेबारा. माझ्या अंदाजापेक्षा पुरतं बोटभर कमी.

आकडा लिहीत दोन पावलं मागे सरलो. मागे ओढा होता.

पाय मुरगळला. फोनला रेंज नाही. रस्ता दीड किलोमीटर. मथुराबाई म्हणाल्या, त्यांचं बिऱ्हाड तसंही रस्त्याकडेच हलवायचं होतं. भांडी, घोंगड्या आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या एका तट्टावर लादल्या होत्या. घोंगड्या सरकवून जागा केली आणि मला वर चढवलं. दोन दिवसांचं कोकरू चालू शकत नव्हतं, ते माझ्या मांडीवर दिलं.

तट्टू लगेच चाललं. लगाम माझ्या हातात नव्हता. पुढे दोर धरून मथुराबाई, मागून रतन एकटी, सावकाश. वाटेत सहलीला आलेली चार पोरं भेटली. त्यांनी मथुराबाईंना विचारलं, "मावशी, राइडचे किती घेता?" बाई म्हणाल्या, "राइड न्हाई. पोचवायचं हाय."

कोकरू अंगावर झोपलं. मला पूर्ण वेळ भीती वाटत होती आणि उतरावंसं वाटत नव्हतं.

सोमवार, ८ डिसेंबर
पायाला प्लास्टर, सहा आठवडे. मेळाव्यात खुर्ची. डॉक्टर फॉर्म न्यायला घरी आल्या. आकडा बघितला, "छान" म्हणाल्या. नवा फॉर्म स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून दिला. 'हँड' तसंच ठेवलं.

तळाशी एक रकाना होता, आधी माझ्या लक्षातच आला नव्हता: 'मोजणाऱ्याचा घोड्यांबाबतचा अनुभव'. पेन धरून बसलो. डॉक्टरांचा चहा पिऊन झाला. वासंती आतून कान देऊन ऐकतेय हे कळत होतं.

लिहिलं: एक घोडी. मालकिणीने धरली होती.