आतला टेकू

सोमवार
आलो एकदाचा. ताईच्या घरी खिडकीजवळची कॉट मिळाली आणि भावोजींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी. इमारतींत थंड हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट तिथे बनतात. मशीनवर पत्रा कापायचा, त्यावर तिरकी फुली दुमडायची, म्हणजे हवा सोडल्यावर तो धडधडत नाही. मग चौकोनी आकार देऊन कडा एकमेकींत अडकवायच्या आणि लाकडी हातोड्याने ठोकून बसवायच्या. एक जण बाहेरून ठोकतो, दुसरा आत शिरून लोखंडी ठोकळ्याचा टेकू देतो. आतून दोनदा टकटक म्हणजे मार. एकदा म्हणजे थांब. माझं किडकिडीत अंग बघून भावोजी म्हणाले, आमचा मेहुणा डक्टच्या मापानेच जन्माला आलाय. सगळे हसले, मीही. काम जमलं तर मालक कायम करणार. मग बायकोला आणि छकुलीला इकडे आणता येईल.

बुधवार
आज गंमत झाली. भावोजी आत आहेत असं समजून मी उभा होतो. दोनदा टकटक आली, सबंध कड बसवली. तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. भावोजी, हातात चहाचा कप, बोटातली अंगठी कपावर वाजत होती. म्हणाले, पत्रा तापला की टकटकतोच. खरं आहे. पण टेकू नसला की पत्र्याला पोचे पडतात. माझी कड पट्टीने आखल्यासारखी होती.

शुक्रवार
हवेच्या चाचणीसाठी डक्टची दोन्ही तोंडं पत्र्याच्या झाकणांनी बंद करतात. दुसरं झाकण सगळ्यांचंच वाकडंतिकडं बसतं, कारण तेव्हा आत कोणी राहू शकत नाही. माझं सरळ बसलं. मालकांनी चार जणांना बोलावून दाखवलं आणि मला कायम केलं. भावोजींना कोण अभिमान! टकटक ऐकू आल्याचं मी बोललो नाही. बायकोची बांधाबांध सुरू झाली आहे.

मंगळवार
आत कोण, असं आता मी विचारतही नाही. टकटक येते, मी मारतो. आज हातोडा उचलायच्या आधीच आली — घाई असल्यासारखी. बंद केलेल्या डक्टमधूनही येते. भावोजी म्हणाले, तुझी काय जादू आहे ते एकदा आत जाऊनच बघतो. मी हसलो. सांगायला हवं होतं.

बुधवार
मोठा डक्ट. दोनदा टकटक. सवयीने दुसरं झाकण ठोकलं. सरळ बसलं.

मग खाली भावोजींच्या चपला दिसल्या.

कापायचं मशीन चालू होतं. त्यांनी हाक मारली असेल तर —

मशीन बंद केलं. हाका मारतोय. आतून काही नाही. मालक कटर आणायला धावलेत. ताई डबा घेऊन आली, चपलांपाशी बसलीय. नुसतं उभं राहवत नाही, म्हणून लिहितोय —

टक. एकदाच. अंगठीचा बारीक आवाज आहे त्यात. भावोजी! जिवंत आहेत.

परत एकदाच. थांब.

आतूनच, पलीकडच्या टोकाकडून दोनदा. घाईघाईने.

लगेच अंगठी. एकदाच. झाकणाच्या अगदी मागे. ते बाहेर काढा म्हणत नाहीत — उघडू नका म्हणतायत —

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "माझा नवरा आहे आत." पत्रा कापायची कात्री उचलली तिने.

अंगठी. अंगठी. अंग—

कात्रीचं टोक कडेत शिर